तंबोरा तिकिटात बसवताना

सांगलीत माझा लहानसा ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, बेदाण्याच्या खोक्यांची लेबलं, निवडणूक लागली की हँडबिलं, असं रोजचं काम. आठवड्यातून दोन दुपारी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना छपाई शिकवायला जातो. गेल्या सत्रात त्यांना एक काम दिलं : देशासाठी पोस्टाचं नवं तिकीट करा. विषय आपल्या भागातला घ्या, पण तिकीट भारताचं वाटलं पाहिजे. कोहिमातल्या माणसानं ते पाकिटाला लावलं तर त्याला दुसऱ्याच्या घरची पत्रिका वाटतोय असं वाटू नये.

सात मुलं, सात विषय. हरिपूरची पेवं म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, आयर्विन पूल, कृष्णेचा घाट, बेदाण्याची शेड, चांदोलीचा गवा, 1843 साली सांगलीत झालेल्या पहिल्या मराठी नाट्यप्रयोगाचा रंगमंच, आणि मिरजेचा तंबोरा. माणसांचे चेहरे मी आधीच बाद केले होते. एक तर चेहऱ्यांची तिकिटं भरपूर निघाली आहेत. साताऱ्यात ज्यांचं काम उभं राहिलं त्या कर्मवीर भाऊराव पाटलांचं 1988 साली निघालं, नायगावच्या सावित्रीबाईंचं 1998 साली. दुसरं म्हणजे चेहरा हा लबाड विषय आहे. कितीही लहान करा, कितीही वाईट छापा, डोळा चेहरा शोधून काढतोच आणि चित्रकाराची चूक झाकली जाते. मला चूक उघडी पडलेली हवी होती.

इथे तंबोऱ्याचीच हकिकत सांगतो. बाकीच्या सहा जणांनी ज्या चुका केल्या त्या सगळ्या या एका तिकिटात होत्या, शिवाय त्यांच्यापैकी कुणाला न सुचलेली एक चूक वर होती.

पहिली फेरी

मुलांनी ए-थ्री कागदावर कामं करून आणली. भिंतीवर लावली तेव्हा सगळे खूश. तंबोरा करणारी मुलगी मिरजेची, स्वतः गाणं शिकते. तिनं जलरंगात अख्खा तंबोरा उभा केला होता : खाली भोपळा, त्यावर वेलबुट्टी, लांब दांडी, चार खुंट्या, तारांवरचे मणी, मागे दर्ग्याची कमान, वर उगवता सूर्य, तळाशी कमळ. भारत, रोमन लिपीतलं इंडिया, किंमत आणि ‘मिरजेचा तंबोरा’ अशी ओळ कोपऱ्याकोपऱ्यात. लग्नपत्रिका म्हणून मी ते काम हसत घेतलं असतं.

मग सगळ्यांना घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. आपल्याकडचं नेहमीचं मोठं तिकीट साधारण 29 बाय 39 मिलिमीटर असतं. ए-थ्री कागद त्यात बसवायचा म्हणजे दहा टक्क्यांवर आणायचा. झेरॉक्सचं मशीन एका दमात पंचवीसच्या खाली जात नाही, म्हणून आधी पंचवीस टक्के, मग त्या प्रतीची चाळीस टक्के. दुसरी प्रत बाहेर आली आणि दुकानात शांतता पसरली. आयर्विन पुलाचा कंगवा झाला होता. गवा म्हणजे शाईचा डाग. पेवाचं तर विचारूच नका. जमिनीतलं भोक काढायचं हे मुळातच अवघड, ते दहा टक्क्यांना पूर्णविराम झालं होतं. तंबोरा मात्र ओळखू येत होता, पळी म्हणून.

“सर, तारा कुठं गेल्या?” तिनं विचारलं.

गणित सोपं आहे आणि ते मी प्रत्येक वर्षी फळ्यावर मांडतो. पुरुषी तंबोरा पाच फुटांच्या आसपास, म्हणजे दीड मीटर. तिकिटात त्याला उंची मिळते जेमतेम 34 मिलिमीटर. म्हणजे चव्वेचाळीस पट लहान. स्टीलची तार धरा 0.3 मिलिमीटर जाड. चव्वेचाळीस पट लहान केली की ती उरते 0.007 मिलिमीटर. माझ्या मशीनवर भरवशानं निघणारी सर्वांत बारीक रेघ 0.1 मिलिमीटरची. तार दिसावी म्हणून तेवढी जाड काढली, तर खऱ्या तंबोऱ्यावर ती साडेचार मिलिमीटर होते. कपडे वाळत घालायची दोरी. अशा चार दोऱ्या शेजारीशेजारी घातल्या की मधल्या फटी शाईनं भरतात आणि दांडीवर एक पट्टा उरतो. म्हणजे तार काढली नाही तर तंबोरा नाही, काढली तर वाद्य नाही.

हा पेच तिच्या एकटीचा नव्हता. तिकीट म्हणजे लहान केलेलं चित्र, अशी सातही जणांची समजूत होती. मोठं काढायचं आणि आक्रसायचं. पण विषय आक्रसला तरी शाई, कागद आणि डोळा आक्रसत नाहीत.

लाखेचं तिकीट

इथे साताऱ्याचा एक धागा येतो, तो मी मुलांना मुद्दाम सांगितला. साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून बार्टल फ्रिअर नावाचा इंग्रज अधिकारी होता. 1848 साली साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज वारले, कंपनीनं राज्य खालसा केलं, आणि तो कारभार याच फ्रिअरच्या हातात आला. आपल्या बाजूनं पाहिलं तर त्याची आठवण काढावी असं काही नाही. पण पुढे तो सिंधचा कमिशनर झाला आणि 1 जुलै 1852 ला त्यानं तिथे टपालासाठी चिकटवायचं तिकीट काढलं, अर्ध्या आण्याचं, ‘सिंध डाक’ म्हणून ओळखलं जाणारं. आशियातलं चिकटवायचं पहिलं तिकीट ते. आकार गोल, मध्ये कंपनीची खूण, आणि त्याचा एक प्रकार चक्क लाल लाखेच्या चकतीवर उठवलेला. दिसायला देखणा असणार. पण लाख ठिसूळ, पत्राच्या थैलीत तडकायची. पुढे त्याच्या जागी कागदावर उठवलेली आली, आणि 1854 साली सगळ्या देशाची तिकिटं आल्यावर सिंध डाक बंद झालं.

मला यातलं एवढंच हवं होतं की तिकीट वाकतं, घासतं, थैलीत आपटतं आणि त्याच्यावर शिक्का बसतो. भिंतीवर टांगायच्या चित्राला यातलं काही भोगावं लागत नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीआधी मी शिक्क्याची परीक्षा ठेवली. मुलांनी आपापली तिकिटं खऱ्या मापात छापली. प्रत्येकावर आडवं ‘नमुना’ छापायला लावलं. तिकिटासारखं दिसणारं काहीही छापताना प्रेसवाल्यानं जपून राहावं, जुन्या दंडसंहितेत बनावट तिकिटांसाठी 263-अ हे वेगळं कलमच होतं. मग पाकिटांना लावून मी माझ्या प्रेसचा तारखेचा गोल शिक्का काळ्या शाईत मारत सुटलो. तंबोऱ्यावर शिक्का दिसेचना. तपकिरी पॉलिश, गडद भोपळा, त्यावर काळी शाई. असं तिकीट पोस्टात गेलं तर धुवायचीही गरज नाही, सोडवून सरळ दुसऱ्या पाकिटाला लावा.

ही चूक जगातल्या पहिल्याच तिकिटानं केली होती. 1840 चं इंग्लंडचं पेनी ब्लॅक काळं होतं, म्हणून त्यावर लाल शिक्का मारत. लाल शाई पुसता यायची. वर्षभरात त्यांनी तिकीट तांबडं केलं आणि शिक्का काळा. ‘पेनी ब्लॅक’ला मान आहे खरा, पण आराखडा म्हणून ते नापास झालेलं तिकीट आहे, असं माझं मत. एका मुलानं यावर वाद घातला, घालू दिला.

मिरजेत, चाचांच्या दुकानात

तंबोरा हलका करायचा आणि तारा दिसायला हव्यात. दोन्ही कसं करायचं हे प्रेसमध्ये बसून सुचेना, म्हणून आम्ही मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलो. तिच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे नाद खुलवण्याची दुरुस्ती, जिथे होते त्या दुकानात. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांची घराणी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली, तेव्हापासून हा धंदा या गल्लीत आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात छताला भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि वाद्यं करणारे चाचा घोडीवर, म्हणजे ज्यावरून तारा जातात त्या पट्टीवर, कानस फिरवत बसलेले.

तिनं दुसऱ्या फेरीचं काम पुढे केलं. यात तिनं कमान, सूर्य, कमळ काढून टाकलं होतं, तंबोरा तिरका ठेवला होता, आणि ओळखू याव्यात म्हणून तीन तारा पांढऱ्या, एक पिवळी केली होती. किंमत उजवीकडे बसवायची म्हणून शेवटच्या क्षणी कॉम्प्युटरवर चित्र आडवं उलटवलेलं. एक कळ दाबली की होतं.

चाचांनी चष्मा वर ढकलला, तिकीट नाकाजवळ नेलं.

“बेटा, हा तंबोरा डावखुऱ्याचा का?”

तिला कळेना. मलाही नाही.

“खर्जाची पितळी तार बघ कुठं बसलीय. तू रोज छेडतेस की गं.”

ती ओशाळली. रोज हातात धरते ते वाद्य तिनं आरशातलं छापलं होतं, आणि तिच्या मास्तरांनी म्हणजे मी ते तपासून पास केलं होतं. मी मुलांना नंतर सांगितलं की आपण एकटे नाही. स्वतंत्र भारताची पुरातन शिल्पांची आणि वास्तूंची रोजच्या वापराची मालिका 15 ऑगस्ट 1949 ला निघाली. त्यात एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्व होता, तो उलटा छापला गेला. उजवा हात डावा झाला. 1950 साली सुलट तिकीट काढावं लागलं. आज ती दोन्ही तिकिटं शेजारीशेजारी लावलेली पाहिली की हसू येतं, पण ज्यानं निगेटिव्ह उलटी धरली त्याची रात्र कशी गेली असेल हे छापखानेवालाच जाणे.

दहा टक्के मापात पितळी तार कोण बघणार, असं एकानं विचारलं. बघणारे असतात. काउंटरवरचा माणूस तिकीट एका नजरेत बघतो, त्याला रंग आणि आकडा कळला की झालं. संग्राहक भिंग घेऊन तासभर बघतो. आणि तिसरा असतो तो चाचांसारखा, ज्याला भिंगही लागत नाही. तिकीट तिघांनाही पुरलं पाहिजे.

चाचा बोलत होते आणि मी त्यांच्या हातातल्या घोडीकडे बघत होतो. तळहाताएवढी घोडी, वरून चार तारा. अख्ख्या तंबोऱ्याचा आवाज इथे तयार होतो. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, तार त्यावर चाटून जाते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून तो खुलणारा, झणझणता नाद धरायचा. तीच जवारी. मी म्हणालो, हेच काढ. बाकीचा तंबोरा सोडून दे.

“लोकांना कळणार कसं, सर? भोपळाच नाही दिसला तर?”

बरोबरच होतं तिचं. तिथून पुढे चार दिवस आमचा वाद चालला. गणित माझ्या बाजूनं होतं. आठ सेंटिमीटरची घोडी तिकिटावर वीस मिलिमीटरची केली की सगळं फक्त चार पट लहान होतं, 0.3 ची तार 0.075 होते, थोडी फुगवून 0.1 केली तर कुणाला खोटी वाटत नाही. तारांमध्ये फट उरते. पण ओळख तिच्या बाजूनं होती. शेवटी तोड तिनंच काढली : घोडी मध्ये ठेवली, आणि खालच्या कडेनं भोपळ्याची गोलाई कापून जाऊ दिली, जसा गाणाऱ्याच्या मांडीजवळून तंबोरा दिसतो. अर्धा भोपळा पुरा भोपळा सांगतो. हे मला सुचायला हवं होतं.

रंगाची गाठही दुकानातच सुटली. तंबोरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडद लालसर पॉलिश येतं. पण चाचांनी कोपऱ्यातला एक काढून दाखवला, लाकडाच्या मूळ रंगाचा, फिक्या मधासारखा. “आता गिऱ्हाईक असला पण मागतंय.” त्या फिक्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, शिक्का ठळक बसतो. खोटं काही काढावं लागलं नाही.

अक्षरं

यावर लोक फार बोलत नाहीत, पण तिकिटाचा निदान पाव भाग अक्षरं खातात. आंतरराष्ट्रीय टपाल संघाच्या नियमानं देशाचं नाव रोमन लिपीत लागतं. सूट फक्त ब्रिटनला, त्यांच्या तिकिटावर राजाचं किंवा राणीचं डोकं असलं की पुरतं. आपल्या तिकिटावर शिवाय देवनागरीत भारत. मग किंमत. पाच रुपयांच्या तिकिटावर ‘500’ असं लिहायची रीत बरीच वर्षं होती, शेवटची दोन शून्यं म्हणजे पैसे. आमच्या एका मुलाला ते पाचशे रुपयांचं तिकीट वाटलं होतं. त्याला हसू नका, मला वाटतं त्याचंच बरोबर आहे. आम्ही सरळ रुपयाची खूण आणि पाच लिहिलं.

खरी चकमक विषयाच्या नावावरून झाली. तिनं ‘तंबोरा’ लिहिलं होतं. वर्गातला एक जण म्हणाला, देशाचं तिकीट आहे, हिंदीत ‘तानपूरा’ लिहावं लागेल. ती म्हणाली, आमच्या घरी कुणी तानपूरा म्हणत नाही. दोघंही बरोबर. मी त्यांना 1948 ची गांधीजींची तिकिटं दाखवली, स्वित्झर्लंडला छापून आणलेली. नावगाव आहेच, पण लक्षात राहतो तो एक शब्द : ‘बापू’, नागरीत आणि उर्दूत. देशानं माणसाला घरातल्या हाकेनं तिकिटावर घेतलं होतं. त्यावर तिनं रात्री मला मेसेज केला : “सर, मग काहीच नको लिहायला?” नाव काढून टाकलं. जागा रिकामी झाली, तारांना श्वास मिळाला. कोहिमातल्या माणसाला मिरज कळणार नाही हे खरं, पण तार छेडायची वस्तू आहे हे कळेल. उरलेलं तिकिटाबरोबर निघणाऱ्या माहितीपत्रकात छापायचं, ते त्यासाठीच असतं.

कडेची जागा सोडायला मात्र सातांतले पाच जण विसरले होते. भोकांची रेघ मशीनवर थोडी इकडेतिकडे होतेच. कडेला टेकवलेल्या ‘भारत’चा ‘त’ कापला गेला तर तिकीट रद्दी. दोन मिलिमीटर सोडा म्हटलं, सोडले, विषय संपला.

पुढे काय झालं

हे तिकीट टपाल खात्याकडे पाठवलेलं नाही. विशेष तिकिटाचा प्रस्ताव कुणीही नागरिक पाठवू शकतो, तो खात्याच्या फिलाटेलिक सल्लागार समितीपुढे जातो, आणि त्यासाठी खूप आधीपासून मागे लागावं लागतं. खात्याचे आराखडे ठरले की छपाई नाशिकच्या किंवा हैदराबादच्या सुरक्षा मुद्रणालयात. मुलांचं सत्र तोवर संपून त्यांची लग्नं होतील. ‘माय स्टँप’ योजनेत बारा तिकिटांचा ताव स्वतःच्या फोटोसह छापून मिळतो, पण तिथे मूळ तिकीट आपलं नसतं, फक्त शेजारची चौकट आपली. आम्हाला ते नको होतं.

याच सुमारास एका पोस्टात मुलांची पाकिटं टाकायला गेलो. तिकीट मागितलं तर काउंटरवरच्या माणसानं मशीनमधून बारकोडचं स्टिकर काढून चिकटवलं. तिकिटं आहेत का विचारलं, तर “कशाला पाहिजेत?” म्हणाला. रागावण्यासारखं काही नव्हतं, रांग मोठी होती. पण परतताना मुलं गप्प होती, आणि मीही.

शेवटची छपाई मी माझ्या मशीनवर चार रंगात केली. रंग बरे उतरले, घोडी स्वच्छ आली, शिक्का दिसला. ताव घेऊन पुन्हा मिरजेला गेलो. चाचांनी या वेळी पोरीकडून भिंग मागून घेतलं. तारा मोजल्या. पितळी तार जागेवर आहे का बघितली. मग भिंग तसंच धरून म्हणाले,

“बाकी ठीक. दोरा कुठाय?”

तिनं काढला होता. मूळ फाइलमध्ये चारही तारांखाली पांढरा दोरा होता. चार पट लहान झाल्यावर तो 0.05 मिलिमीटर उरला, फिक्या घोडीवर पांढरा, आणि माझ्या छपाईच्या जाळीच्या ठिपक्यांनी त्याला गिळून टाकलं. प्रूफ मी भिंगाखाली पाहिलं होतं, पण तारा पाहिल्या, दोरा नाही.

“दोरा नाय म्हणजे हा आवाज बंदच की,” चाचा म्हणाले, आणि शेजारचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात सुताचे आणि रेशमाचे तुकडे होते, हाताला येईल तो दोरा तारेखाली सरकवायचा. वरच लाल रेशीम होतं. तिनं तो तुकडा उचलून तिकिटाशेजारी धरला.

प्रेसवर परत आल्यावर चार रंगांच्या जाळीतून दोरा काढून टाकला आणि पाचवी प्लेट केली, फक्त लाल, जाळी नाही, भरीव, 0.15 मिलिमीटर. खऱ्या मापापेक्षा तिप्पट जाड. तिकिटावर लाल रंग दुसरा कुठेही नाही, त्यामुळे हातभर अंतरावरूनही घोडीवर चार लाल ठिपके दिसतात. तिसऱ्या तारेखालचा एक जरासा उजवीकडे सरकलाय. तो रजिस्ट्रेशनचा, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका न बसल्याचा दोष, मुलीचा नाही, माझ्या मशीनचा.